घोड्यांतील जबड्याच्या गाठींवरील शस्त्रक्रिया

घोड्याच्या जबड्यात वाढलेली गाठ (अर्बुद) भोवतालच्या थोड्या निरोगी हाडासह कापून काढण्याचा पशुवैद्यकीय उपचार. अशा गाठी घोड्यांत क्वचितच होतात आणि त्यांतल्या बऱ्याच सौम्य, म्हणजे शरीरात इतरत्र न पसरणाऱ्या असतात. तरीही त्या हाड पोखरतात, दात हलवतात. त्यामुळे ‘सौम्य आहे, थांबून पाहू’ म्हणणे घोड्याला महागात पडते.

शिंगरांमध्ये खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला, पटाशीच्या दातांभोवती ऑसिफाइंग फायब्रोमा (आत हाड बनत जाणारी सौम्य तंतुमय गाठ) होतो. बहुतेक शिंगरे वर्षाच्या आतबाहेरची असतात. दात बनवणाऱ्या पेशींपासून होणारा अमेलोब्लास्टोमा सहसा वयस्क घोड्यांत दिसतो. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, मात्र घातक असतो.

जबड्यावरचा प्रत्येक फुगवटा म्हणजे गाठ नव्हे. 2 ते 4 वर्षांच्या घोड्यांत दुधाच्या दाढा बदलत असताना जबड्याच्या खालच्या कडेला टेंगळे येतात व पुढे आपोआप ओसरतात. दाढेच्या मुळाशी झालेला पू किंवा जुना अस्थिभंगही तसाच दिसतो. म्हणून एक्स-रे, शक्य असल्यास सीटी स्कॅन, आणि तुकडा काढून तपासणी यांशिवाय करवत हाती घेऊ नये.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते. श्वासाची नळी नाकातून घालतात, म्हणजे तोंड कामाला मोकळे राहते. जबड्याच्या नसाही इंजेक्शनने बधिर करतात. हिरडी व ओठ हाडापासून सोडवून, गाठीच्या कडेपलीकडे करवतीने हाड कापतात आणि उरलेल्या टोकावर ओठाची श्लेष्मल त्वचा ओढून शिवतात. जबड्याच्या दोन्ही बाजू हनुवटीपाशी जिथे सांधलेल्या असतात, त्या सांध्याचा काही भाग उरला तर जबडा स्थिर राहतो. सांधा पूर्ण गेला तर दोन्ही बाजू सुट्या हलू लागतात. मग पट्ट्या-स्क्रू लावून त्या जोडण्याचा विचार करावा लागतो. काढलेल्या हाडाच्या कडा प्रयोगशाळेत तपासतात. कडेला गाठीच्या पेशी उरल्या तर ती पुन्हा वाढते आणि दुसऱ्या वेळी कापायला हाड कमी उरलेले असते. लहान गाठ पहिल्याच खेपेला पूर्ण काढणे म्हणूनच सर्वांत हिताचे. वरच्या जबड्याचे काम अधिक रक्तस्रावाचे. तिथे रक्त देणाऱ्या दुसऱ्या घोड्याचे रक्त तयार ठेवावे लागते.

जबड्याचे टोक गेल्यावर जनावर खाणार कसे, या धास्तीने मालक कचरतात. ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण घोडा चारा गोळा करतो तो मुख्यतः ओठांनी, आणि चावतो मागच्या दाढांनी. बरीच जनावरे शस्त्रक्रियेनंतर लवकरच भिजवलेली चंदी व मऊ चारा खाऊ लागतात. तोंडात जंतूंची कमी नसल्याने टाके अधूनमधून उसवतात. रोज तोंड धुतल्यास जखम खालून भरून येते. काहींची जीभ बाहेर लोंबते, लाळ गळते. आखूड गवत कुरतडणे अवघड जाते, त्यामुळे अशा घोड्याला केवळ चराईवर ठेवू नये. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून बाहेर सरकत राहतात आणि समोरच्या दातांशी घासून झिजतात. खालचे पटाशीचे दात नसले की वरच्यांची झीज थांबते, म्हणून ते ठरावीक काळाने कानशीने घासून घ्यावे लागतात.