ऑफिसात साइट अडते तेव्हा

आम्ही गोव्यातल्या लहान ऑफिसांत आणि कारखान्यांत फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर पहारा ठेवून नको त्या साइट्स अडवणारी यंत्रणा, बसवतो. बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात हमखास फोन येतो, "आमच्या गिऱ्हाइकाचीच साइट उघडत नाही!" असे का होते हे ठाऊक असले की दुरुस्ती लवकर होते, म्हणून हे माहितीपत्रक.

कोणती साइट कुठल्या वर्गात घालायची हे आम्ही ठरवत नाही, तुमचे मॅनेजरही नाहीत. फायरवॉलमधल्या फिल्टरची, म्हणजे वर्ग पाहून साइट्स अडवणाऱ्या चाळणीची, सेवा देणारी कंपनी अगणित साइट्सची यादी सांभाळते आणि प्रत्येकीवर शिक्का मारते: बँक, बातम्या, जुगार, दारू, फसवणूक वगैरे. मॅनेजर ठरवतात ते एवढेच, की यातले कोणते वर्ग बंद ठेवायचे.

शिक्का मारण्याचे काम बहुतांशी यंत्र करते. पानावरचे शब्द, चित्रे, लिंक्स पाहून ते अंदाज बांधते. तक्रार आली तर माणूस तपासतो. नुसत्या शब्दांवर विसंबले की काय होते याचे जुने उदाहरण 1996 मधले आहे. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातेच उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली होती. आजची यंत्रे बरीच सुधारली, पण गोव्यात त्यांची वेगळीच पंचाईत होते. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती आपल्याकडे कित्येक घरांचा धंदा आहे. यादीला मात्र ती फक्त दारू. त्यामुळे फेणीची लेबले छापणाऱ्या छापखान्यात ‘दारू’ हा वर्ग बंद केला, तर अडतात त्याचीच गिऱ्हाइके. पणजीतल्या एखाद्या हॉटेलच्या साइटवर कॅसिनोचे पान असले, तर अख्खे हॉटेल जुगारात जमा होऊ शकते. काणकोणातल्या नव्या होमस्टेची साइट कधी कधी केवळ नवी म्हणून अडते. फसवणुकीसाठी रोज साइट्सची नवी नावे नोंदवली जातात, म्हणून ताज्या नावांचा एक वेगळाच वर्ग असतो. तो बंद ठेवावा असेच आम्ही सांगतो. खऱ्या नव्या धंद्याला थोडे दिवस त्रास होतो, तो आम्ही हाताने सोडवू.

आता अडवले कुठे जाते ते. ब्राउझर आधी साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता विचारतो. बरेच फिल्टर तिथेच दार लावतात. पुढे एचटीटीपीएसचे, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या सुरक्षित जोडणीचे, बोलणे कुलूपबंद असते. फिल्टरला साधारणपणे साइटचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. म्हणून एका पानापायी सगळी साइट जाते. अशा वेळी ‘ब्लॉक केले आहे’ अशी पाटी न येता नुसती सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) चूक दिसू शकते, आणि लोकांना वाटते नेटच गेले.

तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खास सर्टिफिकेट घातले तर फायरवॉलला आतले पानही वाचता येते. पण मग पासवर्डसुद्धा त्याच्यापुढे उघडे होतात. आमचे मत स्पष्ट आहे: बँका आणि दवाखाने यातून वगळलेच पाहिजेत, आणि हे सुरू करण्याआधी कर्मचाऱ्यांना तसे लेखी सांगितले पाहिजे. हे मान्य नसेल तर ही सोय आम्ही चालू करत नाही.

साइट अडली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम उरकू नका. त्या वाटेवर आमचा कसलाच पहारा नसतो. स्क्रीनचा फोटो, साइटचा पुरा पत्ता आणि वेळ व्हॉट्सअॅपवर पाठवा. पाटीवर वर्गाचे नाव असेल तर ते फोटोत नक्की येऊ द्या, अर्धे उत्तर त्यातच असते. मॅनेजरनी होकार दिला की तुमच्या ऑफिसपुरती साइट आम्ही लगेच मोकळी करतो आणि शिक्का बदलण्यासाठी फिल्टरच्या कंपनीकडे अर्जही करतो. त्या अर्जाला काही दिवस लागू शकतात.

फक्त वर्ग ‘फसवणूक’ किंवा ‘व्हायरस’ असा दिसला, तर मालकांचा फोन आला तरी तपासल्याशिवाय आम्ही ती साइट उघडणार नाही. बऱ्याचदा साइट ओळखीच्या माणसाचीच असते आणि ती हॅक झाल्याचे त्यालाही कळलेले नसते. तेव्हा आम्हाला कळवाल त्याच वेळी त्यालाही एक फोन करा.