वारसा पक्षांच्या हाती कसा आला

राष्ट्रवादी पक्ष प्रचारात ज्याला 'प्राचीन वारसा' म्हणतात, त्यातला बराचसा ऐवज गेल्या दोन-अडीचशे वर्षांत वेचून, निवडून लावलेला आहे. या कामाला पुढाऱ्यांआधी अभ्यासक लागले होते. फिनलंडमध्ये एलियास ल्यॉनरूट या डॉक्टरने खेडोपाडी फिरून लोकगीतं टिपली, ती जोडून १८३५ मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केलं. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होता. राज्य नसलेल्यांना अशा ग्रंथाने बळ दिलं, हे नाकारायचं कारण नाही.

सत्ता हाती आली की मात्र निवड कठोर होते. मुसोलिनीने रोममध्ये कोलोसियमकडे जाणारा रुंद रस्ता १९३२ मध्ये खुला केला. त्यासाठी मध्ययुगीन वस्ती पाडली आणि प्राचीन रोमन सम्राटांच्या चौकांचे नुकतेच उकरलेले अवशेषही पुन्हा रस्त्याखाली गेले. साम्राज्याचा गौरव करायचा आणि त्याच्याच दगडांवरून संचलनं न्यायची! जर्मनीत नाझी पुढारी हिमलरने १९३५ मध्ये 'आननएर्बे' ही संस्था काढून पुरातत्त्वाला वंशश्रेष्ठत्वाच्या कामाला जुंपलं.

१९४५ नंतर युरोपात वंशाची भाषा उघडपणे बोलणं अवघड झालं. तिची जागा हळूहळू 'संस्कृती' आणि 'ओळख' या शब्दांनी घेतली. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच. माणसं वगळायची तशीच, फक्त कारण सभ्य.

फ्रान्समधल्या जोन ऑफ आर्कचा प्रवास पाहा. फ्रान्सच्या राजासाठी इंग्रजांशी लढलेल्या या मुलीला १४३१ मध्ये जाळलं. एकोणिसाव्या शतकात ती दोन्ही गटांना हवी होती: राजाने वाऱ्यावर सोडलेली, धर्मपीठाने जाळलेली शेतकऱ्याची पोर म्हणून प्रजासत्ताकवाद्यांना, आणि देवाची दूत म्हणून कॅथलिकांना. १९२० मध्ये चर्चने तिला संतपद दिलं, त्याच वर्षी फ्रेंच संसदेने मे महिन्यातला दुसरा रविवार तिच्या नावे केला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाने तिच्या नावाने मिरवणुका काढल्या. १९८८ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मधे पक्षाने ही मिरवणूक १ मे रोजी, म्हणजे थेट कामगारांच्या दिवशी नेली. संत जुनी, तारीख सोयीची.

कधी ही घाई अंगाशी येते. स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या ब्रिटिश नॅशनल पार्टीने २००९ च्या प्रचारात स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं चित्र वापरलं. ते ३०३ स्क्वाड्रनचं निघालं, म्हणजे पोलिश वैमानिकांचं.

हंगेरीत गोष्ट प्रचारापुरती राहिली नाही. हंगेरीच्या जुन्या राजांचा 'पवित्र मुकुट' दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या ताब्यात गेला होता; तिने १९७८ मध्ये परत केल्यावर तो राष्ट्रीय संग्रहालयात होता. राष्ट्रवादी नेते व्हिक्टर ओर्बान यांच्या पहिल्या सरकारच्या काळात, १ जानेवारी २००० रोजी, तो संसद भवनात हलवला. त्यांच्या फिदेस पक्षाने दोन तृतीयांश बहुमताच्या जोरावर २०११ मध्ये नवी राज्यघटना मंजूर केली. राज्याचं सातत्य आणि राष्ट्राची एकता या मुकुटात मूर्त झाली आहे, असं तिच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे.