स्पे कास्टिंग

स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील स्पे नदीवर एकोणिसाव्या शतकात रुळलेली, दोन्ही हातांनी धरायच्या लांब काठीने सॅमन गरवण्याची पद्धत. सुमारे १७२ किमी. लांबीची ही वेगवान नदी मोरे फर्थ या आखाताला मिळते. तिच्या काठाला पुष्कळ ठिकाणी लगेच चढ आणि झाडी लागते. त्यामुळे दोर मागे भिरकावून पुढे फेकायला जागाच नसते. म्हणून दोर मागे पूर्ण उलगडू न देता, त्याचे टोक क्षणभर पाण्यावर टेकवून फेकण्याची युक्ती निघाली.

इथला मासा अटलांटिक सॅमन (साल्मो सालार). मुंबईत रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जातो, पण त्याचे कूळ अगदी वेगळे. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा जन्माच्याच नदीत परततो. नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ सोडतो. कोकणात गरी टाकणारा माशाच्या भुकेवर विसंबतो; इथे भूकच नाही. पिसे आणि केस गुंडाळलेल्या गळावर, म्हणजे ‘फ्लाय’वर, तो चिडून झेपावतो की समुद्रातल्या सवयीने, यावर जाणकारांत एकमत नाही. शिकाऊ माणसाने पहिल्याच दिवशी हे मनात पक्के करावे, म्हणजे रिकामे दिवस जड जात नाहीत.

काठी साधारण १२ ते १५ फुटांची असते. दोर प्रवाहाने खाली ताणला गेला की काठी संथपणे उचलायची, वळसा द्यायचा आणि दोराचे टोक आपल्या शेजारी पाण्यावर टेकवायचे. उरलेला दोर मागे रोमन ‘डी’ अक्षरासारखा फुगतो. टोकावरची पाण्याची पकड आणि या फुगलेल्या दोराचे वजन यांमुळे काठी वाकते; ती सरळ होताना दोर पुढे सुटतो. सगळी मदार पाण्याच्या पकडीवर असल्याने नुसत्या हिरवळीवर सराव करून ही फेक अंगात मुरत नाही. नेहमीची चूक म्हणजे जोर लावणे. वरचा हात ढकलू लागला की फेक कोसळते. खालच्या हाताने काठीची मूठ पोटाकडे ओढायला शिकणे हा खरा धडा. दोर पाण्यावर जास्त वेळ पडून राहिला तरी तो चिकटतो आणि काठीची ताकद वाया जाते.

या फेकीचे दोन मुख्य प्रकार आहेत. वारा प्रवाहाविरुद्ध वाहत असेल तर ‘सिंगल स्पे’, म्हणजे दोराचे टोक आपल्या वरच्या अंगाला टेकवून केलेली फेक; प्रवाहाबरोबर असेल तर ‘डबल स्पे’, म्हणजे ते खालच्या अंगाला टेकवून केलेली. हा नियम मोडला तर गळ तोंडावर येतो. चष्मा त्यासाठीच घालतात.

डोहाच्या वरच्या तोंडाशी सुरुवात करतात. दोर तिरपा, खालच्या दिशेने पलीकडे टाकायचा, फ्लाय प्रवाहाबरोबर आपल्या काठाकडे वळू द्यायची, मग एक-दोन पावले खाली सरकून पुन्हा फेक. मोठ्या दगडांच्या आसपास आणि डोहाच्या शेपटाशी सॅमन विसावतात. ही ठिकाणे ‘गिली’ला, म्हणजे नदीवरच्या वाटाड्याला, पाठ असतात, त्याच्याबरोबरचा एक दिवस अनेक दिवसांच्या एकट्या धडपडीपेक्षा जास्त शिकवतो. ओढ जाणवताच काठी झटकण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. मासा वळून दोर ओढू लागला की मगच काठी उचलायची.

स्पेवरचा हंगाम ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन गरवायला कायद्याने बंदी आहे आणि मासेमारीचा हक्क ज्याच्याकडे असेल त्याची परवानगी लागते. तिथे १९५२ पासून ठेवलेल्या नोंदींत २०२३ सालची गळाने झालेली पकड सर्वांत कमी ठरली. त्याच वर्षी आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, ग्रेट ब्रिटनमधील सॅमन संकटग्रस्त ठरवला. त्यामुळे आज पकडलेले बहुतेक सॅमन परत सोडले जातात, आणि सोडणे हाही शिक्षणाचाच भाग आहे: टोकाला उलटा काटा नसलेला गळ, गाठी नसलेली जाळी, ओले हात. मासा पाण्याबाहेर न काढता त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरतात, तो स्वतःच्या बळाने निघेपर्यंत.