मुंबईत खोदकामात चांदीची जुनी नाणी सापडली तर: कुठे आणि कसं कळवायचं

पायाच्या खोदकामात किंवा जुनी भिंत पाडताना सापडलेली नाणी सापडणाऱ्याची आपोआप होत नाहीत. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याला निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. चांदीचं एक नाणंही त्यात येतं.

कळवायचं ते सापडणाऱ्यानेच, मग तो मजूर असो वा घरमालक. शहर जिल्ह्यासाठी फोर्टमधल्या जुन्या जकातघरात आणि उपनगरासाठी वांद्रे पूर्वेला, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्यावा. त्यात नाण्यांचं स्वरूप, संख्या किंवा अंदाजे किंमत, सापडल्याची तारीख आणि नेमकी जागा हवी. ओळखपत्र आणि मालमत्ता पत्रकाची प्रत जोडलीत तर जागेच्या मालकीचा प्रश्न अडत नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाणी सरकारी कोषागारात जमा करावी लागतात किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते. लपवल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अधिसूचना निघाल्यावर दावेदारांना हजर राहण्यासाठी चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. ठेवा बेवारस ठरला, जागामालकाने हक्क सांगितला आणि दोघांत आधीचा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. शासन मात्र धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन ठेवा घेऊ शकतं.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते अर्जाआधीच. कृपा करून नाणी चिंच, लिंबू किंवा टूथपेस्टने घासू नका; अक्षरं झिजतात आणि टांकसाळीचं नाव कायमचं जातं. मडकं, त्याचे तुकडे, चिकटलेली माती सोबत ठेवा, खोली मोजा, जागेवरच फोटो काढा. नाणी वाटून घेऊ नका. गधैया हे पश्चिम भारतातलं मध्ययुगीन नाणं साधारण ४ ग्रॅमचं, दिल्ली सुलतानांचं चांदीचं नाणं टंका ११ ग्रॅमच्या आसपास. वेगवेगळ्या काळातली ही दोन्ही नाणी एकाच मडक्यात निघाली, तर ठेवा सर्वांत उशिराच्या नाण्यानंतर पुरला गेला एवढं नक्की. तेच नाणं कुणी खिशात घातलं, की काळ चुकतो. हिजरी सन असेल तर ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: ७२५ म्हणजे १३२५, मुहम्मद बिन तुघलकाच्या राज्यारोहणाचं वर्ष.

नाणी हाती आल्यावरही, पुरावशेषांचा, म्हणजे अशा प्राचीन वस्तूंचा, व्यापार पुरावशेषांविषयीच्या १९७२च्या कायद्याखालील परवान्याशिवाय करता येत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही, नातेवाइकाला भेट म्हणूनसुद्धा नाही.