संघ पाचव्याच्या पायांवर

अमेरिकेतल्या हायस्कूल क्रॉस कंट्रीचा, म्हणजे माळ-टेकड्यांवरून पळण्याच्या सांघिक शर्यतीचा, निकाल पहिल्यांदा पाहणाऱ्या पालकांचा हमखास गोंधळ उडतो. आपल्या शाळेची मुलं पहिली, दुसरी, तिसरी आली आणि करंडक मात्र भलतीच शाळा घेऊन गेली, हे कसं? तर इथे क्रमांकांची बेरीज करतात. शाळेचे सात जण धावतात, त्यांतल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. एका शाळेचे पाच जण १, २, ३, २० आणि ४० वे आले तर बेरीज ६६. दुसऱ्या शाळेचे ८, १०, १२, १४ आणि १६ वे आले तर ६०. पहिल्या सातांत एकही मुलगा नसलेली शाळा जिंकली.

सहाव्या-सातव्याचे गुण धरत नाहीत, पण ते बिनकामाचे नसतात. दोनच शाळांच्या लढतीत एका शाळेचे पाच जण ओळीने आधी आले तर त्यांचे १५ आणि समोरच्यांचे ४० होतात. त्याच शाळेचे सहावा-सातवाही मागोमाग आत आले तर समोरचा प्रत्येक जण दोन क्रमांक मागे सरकतो आणि ४० चे ५० होतात. बरोबरी झालीच तर निकाल सहाव्यावर लागतो.

म्हणजे प्रशिक्षकाची झोप उडवतो तो पाचवा, ज्यांचे क्रमांक धरतात त्यांतला शेवटचा. ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होऊन नोव्हेंबरच्या चिखलात संपणाऱ्या हंगामात हा मुलगा धडधाकट ठेवायचा, एवढ्यावर सगळं शास्त्र येऊन ठेपतं.

बहुतेक ठिकाणी शर्यत ५ किलोमीटरची असते. एवढ्या अंतराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा ऑक्सिजन वापरून तयार होते. म्हणून सरावाचा मोठा भाग संथ पळण्याचा. संथ पळण्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे भाग, वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. ५ किलोमीटरला १९ मिनिटं घेणाऱ्या मुलाचा उन्हाळ्यातला आठवडा साधारण ५५ किलोमीटरचा धरा. त्यात एक लांब धाव १४ किलोमीटरची, एक दिवस २० मिनिटं सलग टेम्पो, म्हणजे दम लागतो पण सुटत नाही असा वेग, आणि बाकी सगळं गप्पा मारत पळता येईल असं. हंगाम सुरू झाला की शर्यतीच्या वेगाने १ किलोमीटरच्या पाच धावा, मध्ये अडीच-तीन मिनिटं हळू पळणं, अशी भर पडते.

कागदावर हे सोपं दिसतं. बिघडतं ते संथ दिवशी. संघाचा पहिला १६ मिनिटांत ५ किलोमीटर पळतो. त्याचा गप्पा मारण्याचा वेग किलोमीटरला साडेचार मिनिटांच्या आत असतो. पाचव्याचा गप्पा मारण्याचा वेग पाच मिनिटं किंवा त्याहून हळू, आणि टेम्पो चार मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास. पोरं एकत्र पळायला निघतात, पाचवा मागे पडायला तयार नसतो आणि आठवड्याचे चार दिवस तो ना धड संथ, ना धड कठीण अशा वेगाने पळतो. मग मंगळवारी खरा कठीण सराव आला की पायांत काही उरलेलं नसतं. चाचणी अगदी साधी आहे: पळताना पूर्ण वाक्य बोलायला लावायचं. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर तो चुकीच्या घोळक्यात आहे. घोळक्याचे दोन करणं हा स्वस्तातला उपाय, पण तो करायला प्रशिक्षकाला मन घट्ट करावं लागतं, कारण एकत्र पळणारा संघ दिसायला फार छान दिसतो.

पहिल्या दोन आठवड्यांचा शत्रू ऊन. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर फुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तोवर अंतर आणि वेग दोन्ही आवरते ठेवायचे. उन्हात पळता पळता मुलगा बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला तर बर्फाच्या पाण्याच्या टबात आधी गार करायचं आणि दवाखान्यात नंतर न्यायचं. रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत हात बांधून बसू नये. ऑलिंपिकमधून हा खेळ उन्हामुळेच गेला, असं म्हणायला हरकत नाही. १९२४ साली पॅरिसच्या भाजणाऱ्या उन्हात ३८ जण सुटले, १५ जण पोचले, फिनलंडचा पावो नूर्मी जिंकला आणि क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये पुन्हा झाली नाही.

दुसरा शत्रू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. दमसास लवकर वाढतो, हाड मागे राहतं. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग खरवडून काढतं, त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. नवं हाड भरायला तीनेक महिने. मधल्या काळात नडगी कमकुवत असते, आणि नेमकं तेव्हाच मुलाला वाटत असतं की आता आपल्याला पळणं जमायला लागलं. दुखणं कुठलं ते बोटाने दाबून पाहावं. नडगीच्या आतल्या कडेने पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो, थोडं पळलं की सैल होतो, तर तो हाडाच्या आवरणाचा ताण. अंतर कमी करून, मऊ जमिनीवर पळून आटोक्यात येतो. एखाद्या नाण्याएवढी जागा दाबताच मूल पाय खेचून घेतं, एका पायावर उडी मारली की कळ उठते, रात्रीही ठणकतं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. सुरुवातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबून पळत राहिलं तर हंगाम गेलाच म्हणायचा.

मुलींच्या संघात या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा ताटात सापडतं. पळण्यात खर्च होतं तेवढं पोटात जात नसेल तर शरीर काटकसर करतं, आणि पहिली कात्री पाळी व हाडं यांना लागते. तीन महिने पाळी आली नाही तर ‘जोरात सराव चाललाय ना, होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. आयुष्यभराच्या हाडांची मोठी जमा याच वयात होते.

लोहाचंही तसंच. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, घसरलेलं असू शकतं. वेळ अकारण वाढत जाते आणि मुलीला आळशी म्हटलं जातं. कठीण धावेनंतर तीन ते सहा तासांत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह शोषणं मंदावतं. शाळा सुटल्यावर सराव, आठला जेवण, म्हणजे जेवण बरोबर त्या कचाट्यात. म्हणून लोहाचा घास सकाळी घ्यावा. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या शाकाहारी मराठी घरांना हे जास्त लागू, कारण डाळी-पालेभाज्यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. मटकीच्या उसळीवर लिंबाची फोड पिळली तर शोषण वाढतं, वर लगेच चहा प्यायला तर घटतं. गोळ्या मात्र रक्त तपासल्याशिवाय नाहीत. जादा लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही.

शर्यतीच्या आदल्या रात्री संघ एखाद्याच्या घरी पास्ता खायला जमतो. ६० किलोचा मुलगा ५ किलोमीटरला सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च करतो आणि स्नायू व यकृत मिळून साठवलेली साखर याच्या कितीतरी पट असते. पास्त्याने वेळ सुधारत नाही. संध्याकाळ छान जाते, तेवढं पुरे आहे.

स्पाइक्सचं, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांचं, मात्र खरंच बघावं लागतं. कोरड्या टणक जमिनीला ६ मिलिमीटरचे खिळे, गवताला ९, चिखलाला १२. खिळा आधी बोटांनी दोन-तीन वेढे बसवायचा आणि मग पाना लावायचा. थेट पाना लावला की आटे वाकडे बसतात आणि तो खिळा पुन्हा निघत नाही. ओल्या शर्यतीनंतर बूट तसेच पिशवीत राहिले तर आठवड्यात गंज धरतो. आट्यांना थोडं ग्रीस लावलं तर हा छळ टळतो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कचा मार्ग पाहिला की सुरुवात कशी घात करते ते कळतं. हायस्कूलच्या मुलांची शर्यत इथे अडीच मैलांची, म्हणजे ४ किलोमीटरची. मोकळ्या सपाट मैदानावर शंभरावर पोरं एका रेषेत सुटतात, पुढे ‘काउपाथ’ नावाची अरुंद पायवाट, मग पुलावरून पलीकडच्या टेकड्या. वाट अरुंद होण्याआधी पुढे घुसायचं म्हणून सगळे उधळतात. स्नायूंना ऑक्सिजनचा पूर्ण पुरवठा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवरची उसनवारी जेवढी जास्त, तेवढी टेकडीवर फेडावी लागते. पाचव्याने तिथे दहाएक जण पुढे जाऊ द्यावेत. चढावर पावलं आखूड, नजर पुढे, वेग पडू द्यायचा पण श्वासाची लय नाही. माथ्यावर पोचलं की बहुतेक जण सैल पडतात. माणसं गाठायची ती तिथे. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकसतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पोरं ‘आई गं’ करतात. आठवड्यातून एकदा उताराचा सराव केलेल्यांना हे पुष्कळ कमी जाणवतं.

बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीला, वळला तो सैन्यातल्या क्रॉस कंट्रीतून. खडबडीत जमिनीवर घडलेले पाय अडथळ्यांवर कामी येतात.

व्हॅन कोर्टलँडचा शेवटचा टप्पा पुन्हा सपाटीवर. पहिला मुलगा दुसऱ्याला पन्नास मीटरने मागे टाकून जिंकला तरी संघाला त्याचा फायदा एकाच गुणाचा. पाचवा असतो मधल्या गर्दीत, तिथे दहा सेकंदांत सहा-सात जण आत येतात. म्हणून जाणते प्रशिक्षक समाप्तीच्या रेषेवर थांबतच नाहीत. ते अलीकडच्या वळणावर उभे राहून येणारे गणवेश मोजतात आणि विजेत्याकडे पाठ करून पाचव्याला ओरडून सांगतात, ‘पुढचे चार!’