कडूपणा उकळीत जन्मतो

‘कडू म्हणजे कडक’ हे वाक्य गेल्या महिन्यात एकाच संध्याकाळी मी तीनदा ऐकलं. कोल्हापूरजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत आम्ही चौघं बसलो होतो. तिथंच बनवलेली इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए ही बिअर, समोर होती. एक मित्र करवीर तालुक्यातला गुऱ्हाळवाला, दुसरा उद्यमनगरात फाउंड्री चालवणारा, तिसरा शाळेपासूनचा सोबती आणि मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. गुऱ्हाळवाल्यानं पहिला घोट घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “भावा, लई कडू हाय. म्हंजे दोन ग्लासातच आडवा करणार बघ.”

हा गैरसमज फार पसरलेला आहे. बिअरमधलं अल्कोहोल यीस्ट बनवतं, साखर खाऊन. कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दुकानातल्या ‘स्ट्राँग’ बाटलीवर ८ टक्क्यांपर्यंत आकडा असतो आणि ती जिभेला गोडसरच लागते. आमच्या ग्लासात ६ टक्के होते. कडूपणाचं माप वेगळं, त्याला आयबीयू म्हणतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानानं लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. साध्या लागर बिअरमध्ये हा आकडा १० ते २० असतो, आयपीएमध्ये बहुधा ४० ते ७०. लिटरभर पाण्यात ५० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. तेवढ्यावर माणूस डोळे बारीक करतो.

मेनूकार्डावर नेहमीची गोष्टही छापलेली होती: भारतातल्या साहेबांसाठी बिअर पाठवायची, ती वाटेत नासू नये म्हणून एका इंग्रज ब्रुअरनं जास्त हॉप्स घातले आणि आयपीए जन्मली. गोष्ट गोड आहे, पण इतकी सरळ नाही. लंडनच्या बो भागातला जॉर्ज हॉजसन भारतात बिअर पाठवायचा हे खरं. मात्र त्याची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा, त्याच्या यशात याचा वाटा मोठा होता. गरम देशात जाणाऱ्या बिअरला जास्त हॉप्स घालावेत हा सल्ला ब्रुअर मंडळींना आधीपासून ठाऊक होता. काळीभोर पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून व्यवस्थित पोचत होती. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द तर १८२९ मध्ये सिडनीच्या एका वृत्तपत्रातल्या जाहिरातीत दिसतात. हॉप्समुळे बिअर टिकते एवढा भाग मात्र पक्का आहे. हॉप्समधली आम्लं काही जिवाणूंच्या पेशीपटलातून आत शिरतात आणि त्यांच्या आतला आम्लाचा तोल बिघडवतात. बिअर आंबवणारे लॅक्टोबॅसिलस त्यातच येतात.

आता माझ्या आवडीचा भाग. ब्रुअरनं मूठभर हॉप्स कागदाच्या पुडीत बांधून दिले. फुलं वाळवून, दळून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, अगदी म्हशीच्या गोळी पेंडेसारख्या दिसणाऱ्या. बोटांत चुरल्या की चिकट पिवळी पूड लागते आणि मोसंबीच्या सालीचा, ओल्या गवताचा, थोडा देवदाराचा वास घमघमतो. दुसऱ्या दिवशी घरी दोन पेले मांडले. एका पेल्यात थंड पाण्यात गोळी भिजवून ठेवली. दुसरी गोळी पातेल्यात पाऊण तास उकळली, गाळली, गार केली. बिअर थोडी आंबट असते म्हणून दोन्हींत लिंबाचे दोन थेंब पिळले. थंड पेल्याला वास सुरेख, चव किंचित कडवट. उकळलेल्या पेल्याला वास जवळजवळ नाही, पण कडूपणा असा की जिभेच्या मागच्या कडेला बराच वेळ चिकटून राहिला.

कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, ते कडूच. हॉप्सचं उलट आहे. त्यात कडूपणाचा कच्चा माल असतो, कडूपणा तयार होतो उकळीत.

तो कच्चा माल म्हणजे अल्फा आम्लं, त्यातलं मुख्य ह्युम्युलोन. या रेणूच्या मध्यभागी सहा कार्बन अणूंचं कडं असतं. गौरीच्या जागरणाला सहाजणींनी हात धरून रिंगण केलंय असं समजा. उकळत्या पाण्यात त्यातली एकजण रिंगणाबाहेर येते. एका बाजूच्या मैत्रिणीचा हात ती सोडते, दुसरीचा धरून ठेवते. ज्या दोघींच्या मध्ये ती होती, त्या एकमेकींचे हात धरतात. रिंगण पाचजणींचं झालं, सहावी बाहेरून लटकलेली. बायका तितक्याच, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. रेणूचं सूत्र आधी सी२१ एच३० ओ५ होतं, नंतरही तेच. फक्त हात बदलले. या नव्या रेणूला आयसोह्युम्युलोन म्हणतात, आणि आयपीएचा कडूपणा मुख्यतः तोच. आपल्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे संवेदक आहेत. त्यातले निदान तीन या रेणूला प्रतिसाद देतात.

रिंगण लहान झाल्यानं एवढा फरक का पडावा? इथं थोडं अकरावीचं रसायनशास्त्र लागेल. प्रत्येक आम्लाचा एक पीकेए असतो. द्रावणाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी, तितकं द्रावण आंबट), त्याच्या वर असेल तर बहुतेक रेणू आपला हायड्रोजन सोडून भारित होतात आणि पाण्यात सहज राहतात. पीएच खाली असेल तर ते बिनभाराचे, तेलकट, पाण्याला नको असलेले राहतात. ह्युम्युलोनचा पीकेए ५.५ च्या आसपास आहे, आयसोह्युम्युलोनचा ३.१ च्या आसपास. बिअरचा पीएच ४.३ च्या जवळ. तो या दोघांच्या बरोबर मध्ये पडतो! म्हणून न उकळलेलं आम्ल बिअरमधून बाहेर पडतं आणि हात बदललेलं आम्ल विरघळून जिभेपर्यंत पोचतं. एका अणूनं रिंगण सोडल्यानं हे घडतं, आणि इतकी वर्षं शिकवूनही मला त्याचं नवल वाटतं.

ही क्रिया झटपट होत नाही. १०० अंशांला तासभर उकळल्यावर साधारण निम्मं ह्युम्युलोन बदलतं. त्यातलं काही गाळात, काही फेसात, काही यीस्टला चिकटून जातं आणि शेवटी बिअरमध्ये घातलेल्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं उरलं तरी पुष्कळ. तापमान १० अंशांनी उतरलं की वेग निम्म्याहून कमी होतो. आता कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. दोन अंश काय विशेष, असं वाटेल. पण मी कागदावर हिशोब मांडला तर वेग सुमारे १६ टक्क्यांनी कमी आला. मुंबईत ६० मिनिटांत जेवढा कडूपणा येईल तेवढ्यासाठी इथं सत्तरेक मिनिटं लागतील. मी ब्रुअरला विचारलं, तुम्ही किती वेळ उकळता? तो म्हणाला, सत्तर मिनिटं. साठ मिनिटांच्या कृतीनं चव पोकळ लागत होती, म्हणून वाढवत नेलं. जिभेनं आणि कागदानं एकच उत्तर दिलं, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

उकळीत कडूपणा येतो तसा वास जातो. हॉप्सची सुगंधी तेलं वाफेबरोबर उडतात. चहात वेलदोडा शेवटी टाकतात तेच इथंही: वासासाठीचे हॉप्स उकळ संपताना, किंवा बिअर थंड झाल्यावर टाकीत टाकतात. शाळासोबत्यानं ग्लास हुंगून “आंबा” असं म्हटलं, ते बरोबर होतं. हॉप्समधलं मिर्सीन आंब्यात आणि गवती चहात असतं. लिनालूल म्हणजे आपल्या धण्यांचा वास, कॅरिओफिलिन मिरी-लवंगेत. हा फळांचा घमघमाट इंग्रजांचा नव्हे, तो अमेरिकेत पैदास केलेल्या हॉप्सचा, १९७२ मध्ये आलेल्या कॅस्केडसारख्या वाणांचा.

फेस सगळ्यांचा चांगला होता, फाउंड्रीवाल्याचा मात्र दोन मिनिटांत बसला. तो सुकं मटण खात होता. फेसाचे बुडबुडे माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूमधली, प्रथिनं आणि तीच कडू आम्लं मिळून धरून ठेवतात. ओठांवरचं तेल लागलं की ती वीण उसवते. त्यानं ओठ पुसले, नवीन ग्लास घेतला, आणि काचेवर फेसाच्या कड्या एकाखाली एक उमटत गेल्या.

तांबडा रस्सा आल्यावर त्यानं जळजळ शमवायला मोठा घोट घेतला आणि आणखी घामाघूम झाला. तिखट ही चव नाही. ती उष्णतेच्या संवेदकाची तक्रार आहे. तो संवेदक एरवी ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलमुळे हा उंबरठा ३४ अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे तोंडाची स्वतःची ऊबही चटका देऊ लागते. तिखटावर गंगावेशीतलं दूध खरं, कारण त्यातलं केसिन मिरचीचं द्रव्य धुऊन नेतं.

एक गोष्ट मात्र मला ठणकावून सांगायची आहे. त्याच टेबलावर कुणीतरी म्हणालं, मुतखड्याला बिअर चांगली. हे आपल्याकडे डॉक्टरकडे जायच्या आधी दिलं जाणारं पहिलं औषध झालंय, आणि ते चूक आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि बिअरमध्ये ते विरघळत नाहीत. लघवी वाढते ती शरीरात पाणी राखणारं, मेंदूतून येणारं संप्रेरक अल्कोहोल दाबतं म्हणून; त्यानं शरीर उलट कोरडं पडतं. वर बिअरमधल्या प्युरिनमुळे युरिक आम्लाची भर. लघवी वाढवायची तर साधं पाणी आहे. वेदना असताना खडा अडकून मूत्रपिंड सुजत असेल, तर बिअरवर घालवलेला एकेक दिवस महाग पडतो.

जाताना मी अर्धा ग्लास मुद्दाम बाहेर पश्चिमेच्या उन्हात ठेवला. दहा मिनिटांनी सगळ्यांना हुंगायला दिला. आंबा गेला होता, जळक्या रबराचा आणि शिळ्या लसणाचा वास येत होता. ती रिंगणाबाहेर लटकलेली सहावी आठवते? बिअरमधलं जीवनसत्त्व बी२ प्रकाश शोषतं आणि नेमका तिचाच हात तुटतो. तुटलेला तुकडा गंधकाला जाऊन मिळतो. जे द्रव्य होतं ते लिटरमागे ग्रॅमच्या काही अब्जांश भागांतही नाकाला कळतं. बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी.

गुऱ्हाळवाला आतापर्यंत गप्प ऐकत होता. उकळ, साका वर येणं, मळी काढणं हे त्याचं रोजचं काम. परत येताना गाडीत त्यानं विचारलं, “काहिलीत टाकलं तर?” मी पुन्हा कागद काढला. उसाच्या रसाचा आणि माल्टच्या पाण्याचा पीएच जवळपास सारखाच, ५ च्या थोडा वर. पण गूळ उतरवताना काहील ११८ अंशांपर्यंत जाते, तिथं हात बदलायचा वेग इथल्या उकळीच्या पाचपट. मात्र फार तापलं तर आयसोह्युम्युलोनही मोडतं आणि कडूपणा पुन्हा कमी होतो. हॉप्स नेमके कधी टाकायचे, यावर पंचगंगेच्या पुलापर्यंत आमची चर्चा चालली. दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की एक छोटी कढई बाजूला ठेवायचं त्यानं कबूल केलंय. उरलेली पुडी मी हवाबंद डब्यात, फ्रीजरमध्ये ठेवली आहे.