मेंदूला तीव्र इजा झालेल्या रुग्णेचे गर्भारपण

अपघात, मेंदूतील रक्तस्राव किंवा हृदय काही काळ बंद पडल्यामुळे बेशुद्धावस्थेत गेलेल्या गर्भवतीवरील उपचार. बातम्यांत कोमा आणि मेंदूमृत्यू सर्रास एकच समजले जातात. ते घातक आहे. कोमातली स्त्री जिवंत असते, सुधारूही शकते. मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबणे, हा मृत्यूच होय.

कोमातल्या रुग्णेबाबत आधी आईचा जीव, हाच नियम. बाळाच्या काळजीने डोक्याचे सीटी स्कॅन टाळू नये. त्यातून गर्भापर्यंत किरण जवळजवळ पोहोचतच नाहीत. आकडी आल्यास गर्भाला बाधणारे व्हॅल्प्रोएट हे औषध शक्यतो टाळून लेव्हेटिरासिटॅम देतात. साधारण विसाव्या आठवड्यानंतर तिला सपाट उताणे ठेवत नाहीत. उजव्या कुशीखाली पाचर किंवा उशी सरकवून अंग डावीकडे कलते करतात, नाहीतर गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबून रक्तदाब उतरतो. कळा सुरू झाल्याचे ती सांगू शकत नाही. म्हणून पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळते का हे परिचारिकेलाच पाहावे लागते. नाडी आणि रक्तदाब अचानक वाढले, तरी शंका घ्यावी लागते.

मेंदूमृत्यूनंतर काम फार कठीण होते. मेंदूच्या तळाशी असलेली, संप्रेरके सोडणारी पिट्युटरी ग्रंथी थांबल्याने लघवीवाटे लिटरच्या लिटर पाणी जाते. मेंदूचे नियंत्रण गेल्याने शरीराचे तापमानही टिकत नाही. व्हॅसोप्रेसिन, थायरॉइड संप्रेरक, हायड्रोकॉर्टिसोन, व्हेंटिलेटर, नळीने अन्न, शिवाय जंतुसंसर्गावर पहारा, हे सारे आठवडेच्या आठवडे चालवावे लागते. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे 2019 मध्ये हे 117 दिवस चालले. आई चालत असल्याचा भास बाळाला व्हावा म्हणून तिचे पाय हलवले जात, पोटातल्या बाळाशी बोलले जाई. 15 ऑगस्टला सिझेरियनने 2.13 किलोची मुलगी जन्मली. तिथे कुटुंब सोबत होते.

टेक्सासमध्ये तसे नव्हते. नोव्हेंबर 2013 मध्ये चौदा आठवड्यांची गर्भवती मेंदूमृत झाली. पतीचा विरोध असूनही रुग्णालयाने राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून यंत्रे चालू ठेवली. जानेवारी 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती बंद झाली. चौदाव्या आणि तिसाव्या आठवड्याला एकच माप लावणे अन्यायाचे आहे: चौदाव्यात बाळ जगण्याजोगे होण्यासच अजून कित्येक आठवडे लागतात, तिसाव्यात फुप्फुसे पक्व करणारी स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन लवकर प्रसूती करता येते. भारतात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभमृत्यूची व्याख्या केली, पण ती अवयवदानासाठी; अशा गर्भवतीची यंत्रे चालू ठेवायची की बंद करायची, यासाठी नाही. त्यामुळे इथे अशा प्रसंगी डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून नातेवाइकांना समोर बसवून खरी परिस्थिती सांगणे आणि रुग्णेची पूर्वीची इच्छा विचारणे अत्यावश्यक ठरते.